होडीसाठी विकेटकीपर झालेल्या काकू

काकूंची आणि माझी ओळख वजनकाट्यावर झाली.

मी इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात नुकताच चिकटलो होतो आणि तिसऱ्याच दिवशी एका पेशंटच्या फाइलीवर चहा सांडून बसलो होतो. साहेब यायच्या आत पुसायला फडकं हवं, म्हणून इमारतीच्या मागच्या अंगाला असलेल्या धुलाईघरात शिरलो. आत वाफ, साबणाचा वास आणि चादरींचे डोंगर. त्यातल्या एका डोंगरामागून एक बाई आल्या. उंच, रुंद खांद्यांच्या, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. फडकं राहिलंच बाजूला.

"वजन किती रे तुझं?"

"सेहेचाळीस." स्थळं घेऊन येणाऱ्यांना मी हा आकडा त्रेपन्न सांगतो, पण त्या आवाजापुढे खोटं बोलायची सोय नव्हती.

"कपड्यांसकट?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी दंडाला धरून मला मळके कपडे तोलायच्या काट्यावर चढवलं. काटा थरथरला आणि सेहेचाळिसावर थांबला. "चालशील," त्या म्हणाल्या. "पोहता येतं?"

"नाही."

"शिकशील. ओरडता येतं?"

"शेंडेफळ आहे हो. घरी माझी पाळीच आली नाही कधी."

"आता येईल."

अशा रीतीने मी तलावावरच्या रोइंग क्लबात, चौघींच्या होडीचा सुकाणूवाला झालो. ज्यांनी असली होडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार जणी एकामागे एक बसून प्रत्येकी एकेक लांब वल्हं ओढतात, आणि बसतात त्या उलट्या, म्हणजे होडी जाते त्या दिशेला पाठ करून. मागच्या टोकाला सुकाणूची दोरी धरून मी, एकटा सुलटा. कुठे चाललो आहोत हे फक्त मला दिसतं, कुठून आलो हे फक्त त्यांना. नियमाप्रमाणे सुकाणूवाला पन्नास किलोंचा लागतो, म्हणून माझ्या पायाशी चार किलो वाळूची पिशवी ठेवतात. होडीत त्या पिशवीला आणि मला साधारण सारखाच मान आहे.

मला वाटलं होतं, काकू त्या चौघींपैकी एक असतील. त्या पाचव्या होत्या. राखीव.

एकोणीस वर्षं त्या इस्त्रीच्या मोठ्या रुळापाशी उभ्या होत्या आणि रुळासमोरच्या खिडकीतून एकोणीस वर्षं त्यांना तलाव दिसत होता. एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने कडक चादर निघायची, आणि मधल्या वेळात होडी खिडकीच्या या चौकटीतून त्या चौकटीत गेलेली असायची. पंचेचाळिसाव्या वर्षी एका सुट्टीच्या सकाळी त्या क्लबात जाऊन उभ्या राहिल्या. तिथे निवृत्त खेळशिक्षक आहेत, गळ्यातली शिट्टी झोपतानाही काढत नसावेत, म्हणून शिट्टीसर.

"उलटं बसून जायचं, मग कुठे चाललोय ते कळतं कसं?" काकूंनी विचारलं.

"ते दुसऱ्याने बघायचं. तुम्ही फक्त ओढायचं."

"मग जमेल," काकू म्हणाल्या. "हेच तर करत आले."

पण जमलं नाही. म्हणजे ताकद अफाट होती, आणि तीच आडवी येत होती. वल्हं पाण्यात टाकलं की आधी पायांनी फळी रेटायची, मग पाठ, आणि हात सगळ्यात शेवटी. काकूंचे हात आधीच धावायचे. ओली चादर हिसडून काढायची सवय. काठावरून सरांचं "पाय, बाई, पाय! हात पळून जात नाहीत!" तलावभर ऐकू यायचं. शिवाय वल्हं टाकायच्या आधी गुडघे छातीला लागतील इतकं आखडून पुढे सरकावं लागतं. एकोणीस वर्षं उभ्या राहिलेल्या कमरेला ते पटायचं नाही.

त्यामुळे दोन वर्षं तीन नंबरच्या जागेवर बँकेत काम करणारी एक सत्तावीस वर्षांची मुलगी बसत होती, आणि काकू होडी उचलायला, धुवायला, पुसायला. बँकवाली आजारी पडली तरच पाण्यात. बसण्याआधी पायाची फळी स्वतःच्या लांबीची, म्हणजे सातव्या भोकात लावायच्या, उतरल्यावर मळसूत्र काढून पुन्हा पाचव्या भोकात. बँकवालीचे पाय तोकडे.

"राहू द्या ना काकू, मी लावीन," ती म्हणायची.

"ज्याची वस्तू त्याच्या मापाची ठेवावी," काकू म्हणायच्या.

मी आलो त्या वर्षी मात्र घाई होती. होडीत माझ्या अगदी समोर बसून लय धरणाऱ्या, म्हणजे जिच्या मागोमाग बाकीच्या तिघी ओढतात त्या मास्तरीणबाईंची बदली झाली होती. वर्षअखेरची प्रौढांची स्पर्धा झाली की त्या जाणार, आणि चौघींची होडी मोडणार. काकूंना एक शर्यत खेळायची होती. जिंकायची वगैरे नाही, खेळायची. ती याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

आणि नेमकं तेव्हाच तलावाच्या धरणाचे दरवाजे दुरुस्तीला काढले. चार महिने पाणी सोडून दिलं. तलावाच्या जागी चिखल, चिखलात बगळे, आणि आमची होडी लाकडी घोड्यांवर पालथी.

शिट्टीसर खचले नाहीत. त्यांनी क्लबाच्या फळ्यावर एक तक्ता चिकटवला. सोमवारी सायकल, मंगळवारी पोहणं, बुधवारी धावणं, गुरुवारी वजनं उचलणं, शुक्रवारी दोरीवरच्या उड्या, शनिवारी पुन्हा सायकल. "होडी पाण्यावर चालत असली तरी तयार होते जमिनीवर," असं एक भाषणही केलं. पाचही जणींना तक्ता एकच.

काकूंनी तो जसाच्या तसा उचलला. अडचण एकच, त्यांना सायकल येत नव्हती. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात, माणूस बारीक आणि जीभ त्याहून बारीक कामाची. मैदानात ते कॅरियर धरून मागे पळत होते.

"होडीसाठी सायकल! उद्या विमानासाठी बैलगाडी शीक म्हणतील."

"बोलू नका, धरा."

"धरलंय. मीच लटकलोय, सोडू कसा?"

दोन्ही गुडघे फोडून काकू आठवड्यात सायकल शिकल्या, आणि मग धुलाईघरात आठ तास उभं राहून झाल्यावर रोज तक्ता. पाचव्या आठवड्यात शेडमधल्या वल्हवायच्या यंत्रावर सगळ्यांची चाचणी झाली. बँकवालीची वेळ सुधारली. मास्तरीणबाईंची सुधारली. काकूंना दोन हजार मीटरला आधीपेक्षा सतरा सेकंद जास्त लागले.

सर आकड्याकडे बघत हळूच म्हणाले, "वय आहे, बाई. त्याला कोण काय करणार?"

वाईट हेतूने नव्हते म्हणाले. पण मी काकूंचा चेहरा पाहिला आणि यंत्राची साखळी नीट बसवायच्या निमित्ताने खाली वाकलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला धुलाईघरात बोलावून घेतलं. "कागद पेन घेऊन ये. मी सांगते ते लिही." मग कामाची पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, यंत्रातून काढून गाडीत टाकलेली प्रत्येक ओली खेप त्यांनी आधी काट्यावर ठेवली. मी मध्ये मध्ये पळून जाऊन फाइली लावून येत होतो आणि परत येऊन लिहीत होतो. संध्याकाळी बेरीज केली. अकराशे चाळीस किलो.

तो कागद त्यांनी सरांपुढे ठेवला.

"सर, तुमचा गुरुवार मी रोज करते."

"म्हणजे?"

"म्हणजे वजनं उचलायचा वार. आणि बुधवारी धावायला सांगता, तर पायांवर मी आठ तास असतेच, गुडघे कुरकुरतात. हा तक्ता बसून काम करणाऱ्यांचा आहे. जे मी दिवसभर करते तेच संध्याकाळी पुन्हा केलं, तर झिजेन, नाहीतर काय होईल? मला नाही ते द्या."

सरांनी शिट्टी हातात घेतली, वाजवली नाही. असा अनर्थ पूर्वी घडला नव्हता. "मग तुम्हाला काय नाही?" त्यांनी विचारलं.

"दम नाही. पायांत रेटा नाही. आणि बसता येत नाही."

तिथून पुढचे दोन महिने मी जे पाहिलं, त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलोय.

वजनं आणि धावणं बंद. सायकल ठेवली, पण सपाटीवरची नाही. पाण्याच्या टाकीचा चढ धरला. पहिल्या दिवशी अर्ध्या चढावर त्या हँडल छातीकडे ओढत होत्या, अगदी चादर ओढावी तशा, आणि सायकल जागची हलत नव्हती. मी मागून ढकलायला म्हणून गेलो होतो, पण माझ्या ढकलण्याने काय होणार? उतरल्या, घाम पुसला. "हात किती का ओढेनात," त्या म्हणाल्या, "हिला काही पडलेलीच नाही. हिला फक्त पाय कळतात." सरांनी दोन वर्षं घसा फोडून जे सांगितलं ते त्या चढाने दहा मिनिटांत सांगितलं. सरांना मात्र हे कळवायचं नाही असं आमचं ठरलं.

दमासाठी पोहणं. इस्पितळाच्या फिजिओथेरपीच्या छोट्या तरणतलावात, पेशंट गेल्यावर. त्याच पाण्यात मलाही शिकवलं, मानगुटीला धरून. मांजराच्या पिल्लाला धरतात तसं.

राहिलं बसणं. त्यावर कोणाकडेच उपाय नव्हता. सरांनी उठाबशा सांगितल्या. काकू म्हणाल्या, "शिक्षा झाल्यासारखं वाटतं. वीस झाल्या की मन घरी जातं." आणि मग एका रविवारी वॉर्डबॉय लोकांच्या क्रिकेट टीमचा विकेटकीपर लग्नाला गेला. मैदानाच्या कडेने सायकलवरून चाललेल्या काकू थांबल्या. बराच वेळ स्टंपांमागच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या.

"तो मागे बसतो ना, तो प्रत्येक चेंडूला बसतो?"

"प्रत्येक," मी म्हणालो.

"म्हणजे किती?"

"वीस षटकं. एकशे वीस वेळा. वाइड पडले तर जास्त."

"आणि हे वाइड टाकतात?"

"हे दुसरं काही टाकतच नाहीत, काकू."

सायकल माझ्या अंगावर टाकून त्या मैदानात गेल्या. वॉर्डबॉय आधी हसले. मग पॅड बांधले. पहिल्या सामन्यात काकूंनी अकरा बाय सोडले आणि एक झेल नाकावर घेतला. तिसऱ्या सामन्यात लेग साइडचा चेंडू उजव्या हाताने असा उचलला, की फलंदाजच टाळ्या वाजवायला लागला आणि त्या नादात यष्टिचित झाला. लग्नाहून परतलेला विकेटकीपर सीमारेषेवर गेला, माझ्या शेजारी. मी चेंडू येणार नाही अशी जागा हेरून उभा असायचो, ती त्याने हिसकावली. यजमानकाका रोज चौकशी करायचे, "काय, आज होडीसाठी काय खेळून आलात? बुद्धिबळ की गोट्या?" पण पॅडांचे तुटलेले पट्टे रात्रीच्या जेवणाआधी तेच शिवून ठेवत.

कमर हळूहळू वाकू लागली. गुडघे छातीला लागले त्या दिवशी काकूंनी शेडमध्ये सगळ्यांना बोलावून दाखवलं, पहिला दात आल्यासारखं.

सरही बदलले. एक दिवस फळ्यावरचा तक्ता गायब, त्याच्या जागी पाच वेगळे कागद. प्रत्येकाच्या डोक्यावर एक प्रश्न, 'दिवसभर काय करता?' दातांच्या डॉक्टरीणबाई दिवसभर उजवीकडे वाकून लोकांच्या तोंडात बघतात, त्यांना उताणं पोहायला लावलं. टपालवाली दिवसभर चालते, तिला वजनं. बँकवालीला चढाची सायकल आणि धावणं. प्रश्नाखाली काकूंचं नाव नव्हतं, पण तो कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पाणी परत आलं तेव्हा स्पर्धेला तीन आठवडे उरले होते. सरांनी जाहीर केलं, तीन नंबरच्या जागेची चाचणी होडीतच होईल. तेच पाणी, त्याच तिघी, तोच सुकाणूवाला, तीच वाळूची पिशवी. हजार मीटर एकदा बँकवालीला घेऊन, एकदा काकूंना घेऊन. जिची वेळ कमी, जागा तिची.

सकाळी सात वाजता इस्पितळाच्या धक्क्यापासून सुटलो. आधी बँकवाली. समोरून वारा होता, पाण्यावर बारीक सुरकुत्या. सरांच्या मोटारबोटीतलं घड्याळ म्हणालं, चार मिनिटं एकवीस. मग परत येऊन अदलाबदल. काकूंनी फळी सातव्या भोकात लावली, बसल्या, पुढे सरकल्या, गुडघे छातीला.

काय सांगू! आल्यापासून मी त्यांचं असं वल्हवणं पाहिलं नव्हतं. पाय रेटले की होडी बुडाखालून निघून जात होती. हात शांत, शेवटी यायचे, पाहुण्यासारखे. मी ओरडायचं सोडून नुसता बघत राहिलो. चार मिनिटं साडेसतरा. तब्बल साडेतीन सेकंद.

डॉक्टरीणबाईंनी मागून काकूंच्या पाठीवर थाप मारली. सरांनी शिट्टी वाजवली, लांब. बँकवाली धक्क्यावर होती, तिला अजून कळलं नव्हतं. आणि काकू वल्हं आडवं धरून, दम खात, माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या.

"सर," त्या म्हणाल्या, "ही वेळ धरू नका."

"का हो?"

"आमच्या धुलाईघराची वाफ बघा. आधी बँकवाली ओढत होती तेव्हा मी धक्क्यावरून बघत होते, वाफ पार आडवी, छपराला टेकलेली. मी बसल्यापासून सरळ वर जातेय. वारा पडलाय. तिने वाऱ्यात ओढलं, मी नाही."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. इस्पितळाच्या छपरावरच्या पाइपातून वाफेची काठी उभी होती, टाचणीसारखी सरळ. एवढी वर्षं त्या वाफेखाली काढलेल्या माणसाला तिच्यातलं खोटं कळणारच.

आता माझं सांगतो, कारण न सांगता पुढे जाता येत नाही. त्या वाफेकडे माझी पाठ असली, तरी वाऱ्याकडे तोंड होतं. पहिल्या खेपेला डोळ्यांत पाणी येत होतं, दुसऱ्या खेपेला नाही. वारा पडल्याचं मला अर्ध्यातच कळलं होतं. आणि मी गप्प बसलो होतो.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं तोंड पुढे असतं ना रे?"

"हो."

"मग?"

मी वाळूच्या पिशवीकडे बघू लागलो. तिनेही साथ दिली नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी यजमानकाका एक उघडं घड्याळ समोर ठेवून बसले होते. भिंग डोळ्यावरून न काढता म्हणाले, "तोंडात आलेला घास परत ताटात टाकलास म्हणे."

"घास माझा नव्हता."

"सापडला असता कोणाला?"

"मला सापडला होता ना." काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला. मला वाटलं होतं मिळणार नाही. "शर्यतीच्या दिवशी त्या होडीत बसायचं, आणि प्रत्येक ओढीला समोर ती वाफ दिसणार. एकोणीस वर्षं खिडकीतून होडी बघितली. आता होडीतून खिडकीकडे बघताना मान खाली घालू?"

काकांनी भिंग काढलं. मग सरांचं घड्याळ मागवून घेतलं आणि त्याच बैठकीत तपासून, तेल घालून दिलं. "उद्या निदान हे तरी कोणाची बाजू घ्यायला नको," माझ्याकडे बघून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी मोटारबोटीवर काठीला रुमाल बांधला आणि तो पहिल्या दिवसासारखा फडफडेपर्यंत कोणाला सोडलं नाही. या वेळी आधी काकू. वारा तोंडावर येत होता आणि मी दर शंभर मीटरला तो मोठ्याने जाहीर करत होतो, कोणी विचारलं नसताना. चार मिनिटं वीस आणि चार दशांश. मग फळी पाचव्या भोकात, बँकवाली बसली. तिनेही जीव तोडून ओढलं. शेवटच्या शंभराला तिचे ओठ पांढरे पडले होते. रुमाल तसाच फडफडत होता. चार मिनिटं एकवीस आणि दोन दशांश.

आठ दशांश सेकंद. पापणी दोनदा मिटावी एवढा फरक.

"काल साडेतीन होते," टपालवाली हळहळली.

"ते वाऱ्याचे," काकू म्हणाल्या. "माझे एवढेच."

बँकवाली पाण्यात पाय सोडून बसली होती. डोळे भरले होते, पण तिने काकूंना जवळ ओढलं. "मी असते तर नसतं सांगितलं हो," ती म्हणाली.

"सांगितलं असतंस. फक्त तुला ती वाफ वाचता येत नाही." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून, "हा सांगत नाही," असं म्हणत माझ्याकडे बोट. सगळ्या हसल्या. मीही हसलो. लायकीच तेवढी होती.

होडी धुऊन घोड्यांवर चढवल्यावर बँकवाली सवयीने तीन नंबरच्या फळीपाशी गेली. पाचव्या भोकातलं मळसूत्र तिने स्वतः सोडवलं, फळी सातव्यात सरकवली आणि गच्च आवळली. काकूंनी खिशातून धुलाईघराची शाई काढली. वॉर्डांचे नंबर चादरींवर घालतात ती, उकळत्या पाण्यालाही न बधणारी. सातव्या भोकाभोवती त्यांनी एक बारीक गोल काढला, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत बसल्या.